कॉम्प्युटरची वहिवाट

माझ्या कीबोर्डवरचं कॅप्स लॉक मोठी अक्षरं काढत नाही. ते दाबलं की मराठीतून इंग्रजीत जाता येतं, पुन्हा दाबलं की परत मराठीत. मराठी चालू असेल तेव्हा त्याचा बारका हिरवा दिवा लागलेला असतो, इंग्रजीत गेलं की विझतो. त्यामुळे लिहिताना स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चिन्ह शोधावं लागत नाही. नजरेच्या कडेला दिवा दिसतो, तेवढं पुरतं. माझा कॉम्प्युटर ज्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालतो त्या लिनक्समध्ये कीबोर्ड सांभाळणारी जी व्यवस्था आहे, तिच्या पर्यायांची यादी लांबलचक आहे. भाषा कोणत्या बटणाने बदलायची हे सांगणारी एक ओळ त्या यादीत सापडते आणि तो दिवा कशासाठी लावायचा हे सांगणारी दुसरी. दोन्ही माझ्या फाइलीत उतरवल्या, सेव्ह केलं, झालं.

देवनागरीत लहान अक्षरं आणि मोठी अक्षरं असा भेदच नाही. म्हणजे दिवसभर मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या डाव्या करंगळीशेजारची, सगळ्यात सोयीची जागा एका बिनकामाच्या बटणाने अडवलेली. ती जागा मुळात त्याची नव्हतीही. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर 'ए'च्या डावीकडे कंट्रोल होतं. पुढे त्याच दशकाच्या मध्याला आयबीएमनेच १०१ बटणांचा नवा कीबोर्ड काढला. त्यात कंट्रोल खाली गेलं आणि कॅप्स लॉक त्याच्या जागी येऊन बसलं. बाकीच्यांनी तोच साचा उचलला आणि तो आजतागायत चालू आहे. कुणीतरी, केव्हातरी, कुठल्यातरी कारणाने घेतलेला निर्णय आणि जगभरच्या करंगळ्या त्याच्या स्वाधीन.

मी तो माझ्या टेबलापुरता रद्द केला. बदल एवढासा, पण त्याचा आनंद त्याच्या मानाने फार मोठा होता. तो एवढा का झाला, याचा मी बराच विचार केला आहे. पैसे मोजून घेतलेला कॉम्प्युटर आपलाच असतो. पावतीवर नाव आपलं, वॉरंटीच्या कागदावर नाव आपलं. तरी याआधीच्या कॉम्प्युटरबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं.

तो वाईट नव्हता. वेगवान होता, दिसायला देखणा होता. पण तो रात्री स्वतःहून अपडेट व्हायचा आणि सकाळी उघडावा तर रोजच्या वस्तू जागेवर नसायच्या. खालच्या पट्टीवर मी न मागितलेल्या बातम्यांचा चौकोन आलेला असायचा. नवं काहीतरी वापरून बघा म्हणणारी चौकट यायची आणि तिच्यावर दोन बटणं असायची: 'हो' आणि 'नंतर'. 'नाही' असं बटण नव्हतंच. मला त्या कॉम्प्युटरची सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट हीच. नकार द्यायची सोयच ज्याने ठेवली नाही, त्याने मालक कोण हे मनाशी ठरवून टाकलेलं असतं.

जमिनीच्या बाबतीत मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी धरतात. कागदावर नाव एकाचं असतं, आणि बांध कुठे खचतो, पाणी कुठे तुंबतं, कुठल्या कोपऱ्यात काही उगवत नाही हे तिथे वर्षानुवर्षं राबलेल्या दुसऱ्यालाच ठाऊक असतं. कॉम्प्युटरच्या बाबतीत बहुतेकांकडे पहिली असते, दुसरी नसते. नाव आपलं आणि राबता दुसऱ्यांचा.

सुरुवातीला मात्र चित्र अगदी उलटं होतं. १९७५ च्या जानेवारीत एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाची निळसर पेटी छापून आली. ती सुट्या भागांच्या रूपात घरी यायची आणि घेणाऱ्याने स्वतः सोल्डरिंग करून जोडायची. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. पुढच्या बाजूला खटक्यांच्या रांगा आणि लाल दिव्यांच्या रांगा. खटके वर-खाली करून एकेक आकडा आत भरायचा आणि उत्तर दिव्यांवरून वाचायचं. मूळ संचात मेमरी होती २५६ बाइट. आज देवनागरीचं एक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात, म्हणजे माझ्या लेखातलं एक लांबसं वाक्यसुद्धा त्या मशीनमध्ये मावलं नसतं.

असल्या मशीनचं करायचं काय? त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, ती साधारण याच प्रश्नाभोवती. पुढच्याच महिन्यात क्लबचा एक सभासद, स्टीव्ह डॉम्पिअर, आपला अल्टेअर बैठकीत घेऊन आला. त्याच्या लक्षात आलं होतं की मशीन चालू असताना शेजारच्या रेडिओवर खरखर उमटते, आणि आत कोणता प्रोग्रॅम चालू आहे त्याप्रमाणे ती बदलते. त्याने कशाने कोणता सूर निघतो ते शोधून काढलं, सूर जुळवले, जमिनीवर बसून खटक्यांनी सगळा प्रोग्रॅम भरला आणि रेडिओतून चक्क गाणं वाजवलं. जमलेली मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. ज्यांनी तो कॉम्प्युटर बनवला त्यांनी त्याला आवाजच दिलेला नव्हता. डॉम्पिअरने तो त्याच्या दोषातून काढला. मला या क्षेत्राच्या इतिहासातला हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो, कारण मशीनवर हक्क सांगायची याहून सुंदर रीत मी पाहिलेली नाही.

याच क्लबमधल्या स्टीव्ह वोझ्निअॅकने ॲपल टू तयार केला. तो १९७७ साली आला. त्याचं झाकण हाताने निघायचं आणि आत आठ स्लॉट होते, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या खाचा. दोन पुरेत असं स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं होतं, वोझ्निअॅक आठांवर अडून बसला. माणसं त्या रिकाम्या जागांत काय काय बसवतील हे त्याला तरी कुठे माहीत होतं? पण ते माहीत नसतानाही जागा राखून ठेवायची, यात घेणाऱ्याच्या अकलेबद्दलचा आदर आहे. आयबीएमच्या पीसीत पाच स्लॉट होते, आणि त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या आणि बायॉसचा, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, सगळा कोड छापलेला होता. मशीन घ्या आणि ते असं का चालतं तेही घ्या, असा तो व्यवहार. १९८४ साली मॅकिंटॉश आला तो बंद पेटीत. स्लॉट नाहीत, आणि उघडायचा तर लांब दांड्याचा खास स्क्रू ड्रायव्हर हवा. झाकण उघडणं हा वापराचा भाग होता, तो इथून पुढे हळूहळू आगाऊपणा ठरत गेला. आज कितीतरी लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर.

माझा सध्याचा कॉम्प्युटर मी सुटे भाग आणून जोडला. त्या कामाचा मोठा बाऊ केला जातो. तसं त्यात काही नाही. १९९५ साली इंटेलने ठरवलेल्या एटीएक्स या मापामुळे मदरबोर्डची भोकं आणि कॅबिनेटमधले पितळी खुंट अजूनही एकमेकांसमोर येतात, मग कॅबिनेट एका कंपनीचं असो आणि बोर्ड दुसरीचा. प्रोसेसर बसवताना मात्र श्वास आपोआप रोखला जातो. सॉकेटची दांडी वर करायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचं. दाबायचं नाही. नीट धरला असेल तर तो आपल्या वजनाने बसतो. दांडी खाली घेताना जो विरोध जाणवतो तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त असतो. काहीतरी मोडतंय असंच वाटतं आणि मग ती अडकते. मग त्याच्या पाठीवर डाळीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, तिच्यावर पंखा. रॅम दोन्ही अंगठ्यांनी दाबली की खट्ट असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर ती बसलेली नाही, असं खुशाल समजावं.

सगळ्यात किचकट भाग शेवटी येतो: कॅबिनेटच्या पुढच्या बटणापासून आलेल्या दोन-दोन तारांच्या चिमुकल्या टोप्या बोर्डच्या तळाशी असलेल्या पिनांवर बसवणं. तिथे बोटं जात नाहीत आणि उजेडही पोचत नाही. कुठली पिन कशाची, हे मॅन्युअलमधल्या नखाएवढ्या आकृतीत दिलेलं असतं. मी टॉर्च तोंडात धरून ते काम केलं. त्या दिवसापासून पॉवरचं बटण दाबते तेव्हा बोटाच्या पलीकडे काय होतं ते मला दिसतं. त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, बस्स, एवढंच ते बटण करतं.

अभिमान वाटला, नाही असं नाही. पण मालकीची भावना त्या दिवशी आली नाही. पहिल्यांदा चालू केला तेव्हा तो एक उत्तम, अनोळखी कॉम्प्युटर होता. आत ठेवलेली सिस्टम जशी आली तशी होती, रंग दुसऱ्यांनी निवडलेले, बटणं दुसऱ्यांनी मांडलेली. जोडणं एका दिवसात होतं. वहिवाट एका दिवसात होत नाही.

ती झाली फाइलींमधून. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या वंशातल्या सिस्टममध्ये, आणि लिनक्स त्यातलंच, ज्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू होतं ती यादीत दिसत नाही. हा काही कुणी विचारपूर्वक केलेला नियम नव्हता. सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये 'हे फोल्डर' आणि 'याच्या वरचं फोल्डर' अशा दोन नोंदी एका आणि दोन टिंबांच्या रूपात असत, आणि यादी दाखवताना त्या वगळायच्या म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच बघणारा कोड लिहिला गेला. त्यामुळे टिंबाने सुरू होणारं सगळंच लपू लागलं आणि लोकांनी आपापली सेटिंगं तिथे ठेवायला सुरुवात केली. युनिक्स घडवणाऱ्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी हा किस्सा नाराजीने सांगितलेला आहे. त्यांच्या मते ती चूक होती. असेल. पण त्या आडोशाला माझा सगळा संसार आहे.

या फाइली म्हणजे साधा मजकूर असतो. विंडो कशा मांडायच्या, कुठलं बटण दाबल्यावर काय उघडायचं, कर्सर किती जाड, सूचना कुणाच्या दाखवायच्या. माझ्याकडे सूचना दोनच येतात: बॅकअप झाला नाही तर, आणि कॅलेंडरवर मी स्वतः लिहिलेलं काही असेल तर. बाकी कुणालाही माझ्या स्क्रीनवर येऊन बोलायची परवानगी नाही. ही शांतता मला कुठल्याही वेगापेक्षा मोलाची वाटते. विंडो एकमेकींवर पडत नाहीत, स्क्रीन वाटून घेतात. एक नंबरच्या डेस्कटॉपवर लिखाण, दोनवर ब्राउझर, तीनवर पत्रव्यवहार. आणि लिखाणावरून पत्रव्यवहाराकडे जाणारी वाट मी मुद्दाम थोडी लांबची ठेवली आहे, दोन बटणं जास्त.

फाइलीत ओळीच्या आधी खुणेचं चिन्ह टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, ती फक्त माणसासाठी असते. माझ्या फाइली अशा टिपांनी भरलेल्या आहेत. 'हे काढलं तर प्रोजेक्टर जोडल्यावर सगळं उजवीकडे सरकतं.' 'रात्री डोळ्यांना त्रास होतो म्हणून.' 'नक्की का चालतं कळलेलं नाही, पण चालतं.' या शेवटच्या टिपेखाली पुढे केव्हातरी मीच लिहिलं आहे, 'कळलं', आणि त्याखाली कारण. हे सगळं मी गिटमध्ये, म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवते, त्यामुळे कोणती ओळ कधी आली, कधी गेली, तेही राहतं. लांबच्या दौऱ्याहून आल्यावर वाढवलेला अक्षरांचा आकार, आईच्या आजारपणात रात्री जागताना गडद केलेले रंग. मी रोजनिशी लिहीत नाही. पण हे वाचलं तर माझे दिवस कसे गेले ते मला कळतं.

आणि मग कळतं की मी ज्याला माझा कॉम्प्युटर म्हणते तो ती टेबलाखालची पेटी नाहीच. पेटी बदलली आहे, डिस्क बदलली आहे, रॅम वाढली आहे. या फाइली मात्र एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये येत राहिल्या. सगळ्या मिळून एखाद्या फोटोहूनही लहान भरतील. नव्या कॉम्प्युटरवर त्या उतरवल्या की चहा होईस्तोवर तो माझा होतो.

एक गोष्ट मात्र नुसत्या सोयीची नव्हती, तिच्यासाठी मी हट्टाला पेटले होते. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा आणि मराठी 'श' देठाचा. शाळेत तेच गिरवले, छापील पुस्तकांत तेच वाचले. पण कॉम्प्युटरवर देवनागरी म्हणून जे समोर येई त्यात ल आणि श हिंदी वळणाचे असत. मजकूर वाचता येतो, अर्थ बदलत नाही, हे सगळं मान्य. तरी आपलं लिहिलेलं आपल्याला परक्या हस्ताक्षरात दिसावं, तसं काहीसं सतत वाटत राही. नंतर कळलं की काही चांगल्या फॉन्टांमध्ये मराठीची वळणं आतच ठेवलेली असतात; हा मजकूर मराठी आहे असं त्यांना कुणी सांगितलं तरच ती बाहेर येतात. अक्षरं तीच, युनिकोडचे आकडे तेच, फक्त भाषेची ओळख पटवून द्यायची. मी ते माझ्या एडिटरला सांगितलं, ब्राउझरला सांगितलं, फॉन्ट निवडणाऱ्या व्यवस्थेच्या फाइलीत लिहून ठेवलं. एडिटर बंद करून पुन्हा उघडला आणि 'लाल' हा शब्द टाइप केला. चार पाकळ्या. मी त्या दिवशी काही काम केलं नाही, नुसते जुने लेख उघडून वाचत बसले.

आता मघाशी जे म्हटलं ते थोडं तपासायला हवं. 'माझा, माझा' म्हणते आहे, पण त्यातलं माझं काय आहे? प्रोसेसर मी घडवलेला नाही. लिनक्सची एक ओळ मी लिहिलेली नाही. कॅप्स लॉकने भाषा बदलता यावी ही कल्पनासुद्धा माझी नाही. माझ्यासारखीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुणीतरी ती कधीतरी कोडात उतरवली आणि सगळ्यांसाठी ठेवून दिली. ज्या कॉम्प्युटरवर मला सर्वात जास्त हक्क वाटतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्यांनी हक्क सोडून दिलेला आहे.

यात विरोधाभास दिसतो, पण तो टिकत नाही. मालकी म्हटलं की कुंपण डोळ्यांसमोर येतं: हे माझं, तू आत येऊ नकोस. कॉम्प्युटरच्या बाबतीत मला हवी असलेली मालकी त्या जातीची नाहीच. दुसऱ्या कुणाकडे तेच सॉफ्टवेअर असल्याने माझं काही कमी होत नाही. मला फक्त माझ्या मशीनच्या दारात दुसऱ्या कुणी मला अडवायला नको आहे. रिचर्ड स्टॉलमन यांना १९८० च्या सुमारास नेमका हा अडवणारा हात दिसला. एमआयटीच्या ज्या प्रयोगशाळेत ते काम करत, तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी भर घातली होती. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना कॉम्प्युटरवर निरोप जाई. नवा लेझर प्रिंटर आला, तोही कागद अडकवायचा, पण त्याचा कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने तो कुणाला देणार नाही असं लिहून दिलेलं होतं. पुढे १९८३ साली स्टॉलमन यांनी सगळ्यांसाठी खुली ऑपरेटिंग सिस्टम घडवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो या आणि अशा अनुभवांमधून. त्यांनी मांडलेली चार स्वातंत्र्यं प्रोग्रॅमरांच्या रिवाजाप्रमाणे शून्यापासून मोजतात: हवं तसं चालवायचं, आतून वाचायचं आणि बदलायचं, दुसऱ्याला द्यायचं, बदललेलंही द्यायचं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टम लिहितो आहोत, फार मोठं काही होणार नाही, असं कळवलं. त्यानेही पुढे आपलं काम याच अटींवर खुलं केलं. माझी सगळी वहिवाट या परवानगीवर उभी आहे. ती परवानगी कुणी परत घेऊ शकत नाही, हे तिचं खरं मोल.

परत घेता येणारी परवानगी कशी असते, तेही दिसलेलं आहे. सोनीचं प्लेस्टेशन ३ बाजारात आलं तेव्हा त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टम बसवायची सोय अधिकृतपणे दिलेली होती आणि लोकांनी त्यावर लिनक्स बसवलंही. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोय काढून टाकली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळता येणार नाही. वस्तू घरात, पैसे दिलेले, आणि तिच्यातला एक गुण दुरून काढून नेलेला.

माझ्या कॉम्प्युटरवरही माझी सत्ता तळापर्यंत पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. मुख्य प्रोसेसर बंद असला तरी तो जागा राहू शकतो आणि त्याचा कोड आपल्याला वाचायला मिळत नाही. २०१७ साली असं उघड झालं की तो मिनिक्सवर चालतो, आणि अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स लिहिली होती ती विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टम आतून समजावी म्हणून. टोरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात केली तीही मिनिक्सवर बसून. शिकवण्यासाठी उघडी ठेवलेली वस्तू शेवटी कुणाला न दिसणाऱ्या जागी जाऊन बसली. या थराखाली माझी मालकी संपते. मशीन सुरू करणारा कोडही खुला असावा म्हणून चाललेले कोअरबूटसारखे प्रकल्प ती रेघ खाली ढकलायचा प्रयत्न करतात, आणि माझं पुढचं मशीन घेताना त्यांच्या यादीत बसणारं घ्यायचं असं मी ठरवलं आहे.

'एवढ्या वेळात काम झालं असतं' हा शेरा मी पुष्कळदा ऐकला आहे. वेळ जातो, हे खरं. कुठलं बटण कुठे असावं याच्या विचारात संध्याकाळ जाते आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला काही नसतं. पण ज्या अवजारासमोर जागेपणीचा निम्मा वेळ जातो ते ओळखीचं करून घेण्यात गेलेला वेळ मला वाया वाटत नाही. शिवाय यात एक जबाबदारी येते आणि मला तीच हवी असते. काही बिघडलं तर तक्रार करायला कुणी नाही. मीच लॉग वाचायचे, मीच काल काय बदललं ते आठवायचं. अपडेटनंतर एकदा आवाज बंद झाला तेव्हा रात्री उशिरापर्यंत शोधत होते. कारण सापडलं, एक ओळ बदलली, गाणं सुरू झालं. वैतागले होते, पण लाचार नव्हते. आधीच्या कॉम्प्युटरपुढे मी वैतागायचे कमी आणि लाचार जास्त असायचे.

अर्थात या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाला काही करता येत नाही. बहिणीची मुलगी सुट्टीत आली होती, माझ्या खुर्चीत बसली आणि थोड्या वेळाने हाक आली, "मावशी, यात स्टार्ट कुठंय?"

"नाहीये."

"मग गोष्टी उघडतेस कशा?"

दाखवलं. बटण दाबायचं, नावाची पहिली दोन अक्षरं लिहायची, एंटर. तिने दोन-चारदा करून बघितलं. मग म्हणाली, "हे तुला बरंय. मला नाही आवडलं. मला चित्रं हवीत." मला त्या उत्तराचा मनापासून आनंद झाला. तिला काय हवं ते तिला सांगता येत होतं.

तिच्याकडे आईचा जुना लॅपटॉप होता. त्यावरच्या सिस्टमची पुढची आवृत्ती त्याला मिळणार नव्हती, कारण प्रोसेसर मान्य केलेल्या यादीत नव्हता. कीबोर्ड ठणठणीत, स्क्रीन स्वच्छ, फक्त यादीत नाव नाही. आम्ही दोघींनी त्याच्यावर लिनक्स बसवलं. पेन ड्राइव्ह तिने बनवला, डिस्क पुसायची का असं सिस्टमने विचारलं तेव्हा तिने आईला फोन करून फोटो कॉपी झालेत ना याची खात्री केली आणि मगच पुढे गेली. पट्टी तिने उजव्या काठाला उभी लावली. कर्सर जांभळा आणि अंगठ्याएवढा. चित्रं तिच्या मनाजोगती मिळेनात म्हणून तिने काही स्वतः काढली, आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये टाकली की दिसतात हे शोधता शोधता टिंबाच्या फाइलींपर्यंत तिची तीच पोचली. माझ्या डोळ्यांना तो लॅपटॉप बघवत नाही. मला त्यावर एक पत्रसुद्धा धड लिहिता यायचं नाही.

बसवताना एका पायरीवर ॲडमिनचा पासवर्ड विचारतात. बहीण म्हणाली, तू ठेव, ती लहान आहे. मी भाचीला पासवर्ड कसा असावा ते समजावलं, तो विसरला तर काय काय करावं लागेल तेही सांगितलं आणि तिला टाइप करू दिला. तो मला माहीत नाही.